आधी बियाणं राखा, मग बांध सरकवा

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



आज ज्या वस्तूबद्दल बोलायचं आहे ती आता बऱ्याच ग्रामसंघांच्या आणि प्रभागसंघांच्या कार्यालयात टेबलावर आहे, पण सभेत तिचा विषय सहसा निघत नाही. ती वस्तू म्हणजे संगणक. बचत, कर्जवाटप, परतफेड, थकबाकी या सगळ्यावर आपण तास तासभर बोलतो. संगणकाचं नाव निघालं की मात्र "ते लेखापाल ताई बघतात" किंवा "तालुक्याचा तो मुलगा येऊन बघतो" असं म्हणून पुढच्या विषयाकडे वळतो.

अलीकडे मी ज्या ज्या गावात जाते, तिथे एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. "ताई, संगणक लई हळू चालतो. 'सी'ची पट्टी लाल झालीय आणि 'डी' तर जवळजवळ रिकामा आहे. त्यातली जागा यात घेता येत नाही का?" घेता येते. पण ती घेण्याआधी एक काम करावं लागतं. ते केलं नाही तर काय होतं, ते आधी सांगते.

आमच्याच भागातला एक संघ आहे, नाव सांगत नाही. त्यांनी हळू चालणारा संगणक दुरुस्तीला दिला. चार दिवसांनी तो परत आला आणि एकदम पळायला लागला. सगळ्या खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी लेखापाल ताईंनी 'डी' उघडला, तर तो कोरा. जागा वाढवताना तो काढून टाकून नवा केला होता. तीन वर्षांचे कर्जाचे तक्ते, सभांचे ठराव, मसाल्याच्या पाकिटांची लेबलं, प्रदर्शनांचे फोटो, सगळं त्यात होतं. दुरुस्ती करणाऱ्यानं विचारलं, "मॅडम, बॅकअप घेतला नव्हता का?" बॅकअप हा शब्द त्या बायकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

गटांच्या हातानं लिहिलेल्या वह्या जागेवर होत्या, म्हणून पैशाचा हिशेब पुन्हा उभा करता आला. पण त्या आकड्यांची पुन्हा नोंद करण्यात दोघींचे दोन महिने गेले. बँकेला द्यायची विवरणपत्रं वेळेत तयार झाली नाहीत आणि कर्जाचं प्रकरण पुढे ढकललं गेलं. मिरची आणि डाळ घ्यायचे दिवस निघून गेले आणि ज्या बायका पापड-मसाल्याच्या कामावर अवलंबून होत्या, त्यांचा तो उन्हाळा रिकामा गेला. म्हणून म्हणते, हा विषय एकट्या लेखापाल ताईंचा नाही, गटातल्या प्रत्येकीच्या मजुरीचा आहे.

आता मुळापासून समजून घेऊ.

संगणकात एक डबी असते, तिला हार्ड डिस्क म्हणतात. आपण केलेलं सगळं काम तिच्यात साठतं. टेबलावरच्या जुन्या संगणकात ती बहुतेक वेळा फिरणाऱ्या तबकड्यांची असते. त्या तबकड्या पुष्कळदा मिनिटाला ७२०० वेळा फिरतात. धक्का बसला, धूळ गेली, वीज एकदम गेली-आली, तर अशी डिस्क बिघडू शकते. नव्या लॅपटॉपमध्ये फिरणारा भाग नसलेली एसएसडी असते. ती वेगवान असते, धक्काही सोसते, पण बिघडली तर पुष्कळदा काहीच चाहूल न देता बंद पडते. थोडक्यात, डिस्क कोणतीही असो, ती कधीतरी जाणार हे धरूनच चालायचं.

ही डिस्क म्हणजे एक मोठं शेत समजा. त्यात बांध घालून तुकडे पाडलेले असतात. या तुकड्यांना पार्टिशन म्हणतात. पडद्यावर 'सी', 'डी', 'ई' अशी जी नावं दिसतात, ते हे तुकडे. बहुतेक ठिकाणी डिस्क एकच असते आणि तिच्यात बांध घातलेले असतात. हे लक्षात ठेवा, कारण पुष्कळ जणींना वाटतं, 'सी'मधली फाइल 'डी'मध्येही ठेवली की ती सुरक्षित झाली. तसं नाही. डिस्क जळाली तर दोन्ही तुकडे एकदमच जातात. एकाच घराच्या दोन खोल्यांत धान्य ठेवलं म्हणून घराला लागलेल्या आगीतून ते वाचत नाही.

'सी'मध्ये विंडोज आणि बाकीचे प्रोग्राम असतात. विंडोज स्वतःला अद्ययावत करत राहतं, त्यामुळे 'सी' भरत जातो. त्यात आपण डाउनलोड केलेल्या वस्तू आणि डेस्कटॉपवर ठेवलेले फोटोही 'सी'मध्येच जातात. मग पट्टी लाल होते.

आता पहिलं काम, बॅकअप. बॅकअप म्हणजे आपल्या कामाची दुसरी प्रत, दुसऱ्या वस्तूवर, दुसऱ्या जागी. ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आपल्या आया आणि आज्या पेरणीचं बियाणं खाण्याच्या धान्यात ठेवत नसत. ते वेगळ्या मडक्यात, राख लावून, वेगळ्या जागी ठेवत. कितीही ओढ असली तरी बियाण्याला हात लावायचा नाही, हा नियम होता.

संगणकाच्या जाणकारांचा असाच एक नियम आहे, तीन-दोन-एकचा. कामाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर असाव्यात आणि एक प्रत कार्यालयाबाहेर असावी. आपल्या संघाला हे जमण्यासारखं आहे. एक प्रत संगणकात आहेच. दुसरी बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर घ्या. एक टीबीची अशी डिस्क आपल्याला कितीतरी वर्षं पुरेल. तिसरी प्रत गूगल ड्राइव्हवर. तिथे एका खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते, पण त्याच १५ जीबीत त्या खात्याचे ईमेल आणि फोटोही मोजले जातात. म्हणून संघाचं वेगळं खातं काढा, कोणा एकीच्या घरच्या खात्यावर ठेवू नका. त्या ताईंनी काम सोडलं की खातंही त्यांच्यासोबत जातं.

पेन ड्राइव्हबद्दलही विचारतात. ने-आण करायला पेन ड्राइव्ह चांगला. साठवून ठेवायला त्याच्यावर भिस्त नको. तो हरवतो, पर्समध्ये मोडतो, ज्याच्या त्याच्या संगणकाला लागून व्हायरस घेऊन येतो.

काय काय उतरवून घ्यायचं, ते लिहून घ्या. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स ही चार फोल्डर 'सी'मध्ये असतात आणि नेमकी तीच विसरली जातात. मग 'डी'मधलं सगळं. हिशेब टॅलीमध्ये असेल तर टॅलीतच बॅकअपचा पर्याय आहे, तो वापरून प्रत घ्या. आणखी एक गोष्ट आपल्या मराठीची. जुनी पत्रं आणि ठराव श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा फाँटमध्ये टाइप केलेले असतील, तर तो फाँट नव्या संगणकात नसला की फाइल उघडते, पण अक्षरं कुठलीतरी भलतीच दिसतात. म्हणून ते फाँटही सोबत उतरवून ठेवा. इथून पुढचं काम मात्र युनिकोडमध्ये करा, म्हणजे ही अडचण राहणार नाही.

प्रत घेतली की ती तपासायची. ही पायरी कोणी करत नाही, म्हणून सावकाश सांगते. मूळ फोल्डरवर माउसचं उजवं बटण दाबा आणि 'प्रॉपर्टीज' उघडा. आत किती फाइली आहेत आणि त्यांनी किती जागा घेतली आहे, ते दिसतं. ते आकडे कागदावर लिहा. मग बाहेरच्या डिस्कवरच्या प्रतीचे आकडे तसेच बघा. फाइलींची संख्या जुळली पाहिजे. त्यानंतर ती डिस्क दुसऱ्या एखाद्या संगणकाला लावा आणि चार-पाच फाइली उघडून बघा. एक हिशेबाची, एक ठरावाची, एक फोटो, एक सगळ्यात जुनी. उघडल्या, वाचता आल्या, तरच बॅकअप झाला म्हणायचा. बियाणंसुद्धा आपण पेरण्याआधी ओल्या गोणपाटात उगवून बघतोच की.

ज्यांना सगळा संगणक जसाच्या तसा राखून ठेवायचा आहे, विंडोज आणि प्रोग्रामसकट, त्यांच्यासाठी विंडोजमध्ये 'सिस्टीम इमेज' नावाची सोय आहे. कंट्रोल पॅनलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर' उघडलं की डाव्या बाजूला 'क्रिएट अ सिस्टीम इमेज' दिसतं. त्याला वेळ आणि जागा जास्त लागते. पण पुढच्या कामात विंडोज उघडायचंच बंद झालं, तर ही इमेज कामाला येते.

आता बांधाकडे वळू.

बांध सरकवायच्या आधी बघा, त्याची खरंच गरज आहे का? पुष्कळदा नुसती साफसफाई पुरते. रिसायकल बिन रिकामी करा. 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टीम' आणि त्यात 'स्टोरेज' उघडा, तिथे 'टेंपररी फाइल्स' मिळतील, त्या काढता येतात. त्या यादीत डाउनलोड्सचं नावही असतं. त्यावर खूण असेल तर आधी आत काय आहे ते बघा, नाहीतर कामाची कागदपत्रंही जातील. फोटो आणि व्हिडिओ 'डी'मध्ये हलवा. डॉक्युमेंट्स फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लोकेशन' असं पान असतं, तिथून ते पूर्ण फोल्डर कायमचं 'डी'वर नेता येतं. एवढ्यानं 'सी'ची पट्टी परत निळी झाली, तर बांधाला हात लावूच नका.

इतकं करूनही जागा पुरत नसेल, तर मग पार्टिशन. स्टार्टच्या बटणावर उजवं बटण दाबलं की जी यादी येते, तिच्यात 'डिस्क मॅनेजमेंट' आहे. ते उघडलं की खाली डिस्कचं चित्र दिसतं, डावीकडून उजवीकडे आखलेल्या पट्ट्यांचं. अगदी तलाठ्याकडच्या नकाशासारखं. तिथे एकूण आकडा बघून घाबरू नका. ५०० जीबीची म्हणून घेतलेली डिस्क तिथे ४६५ जीबीची दिसते. दुकानदारानं फसवलेलं नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४च्या पटीत, म्हणून हा फरक पडतो.

समजा त्या नकाशात पहिलं शेत 'सी', १०० जीबीचं. त्याला लागून उजवीकडे 'डी', ३६५ जीबीचं. आपल्याला 'सी' २०० जीबीचा करायचा आहे. सगळ्यांना सुचणारा मार्ग असा की 'डी'वर उजवं बटण दाबून 'श्रिंक व्हॉल्यूम' घ्यायचं, म्हणजे 'डी' लहान करायचा, आणि सुटलेली जागा 'सी'ला जोडायची. पण 'सी'वर जाऊन 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' बघावं, तर ते अक्षर फिकट झालेलं असतं, दाबलं जात नाही. इथेच पुष्कळ जण अडकतात आणि मग घाईनं काहीतरी करून बसतात.

कारण साधं आहे. 'डी' लहान केला की जागा सुटते ती 'डी'च्या उजव्या टोकाला. 'सी' आहे डाव्या बाजूला. मधे 'डी' उभाच आहे. आपलं शेत वाढवायचं तर लागून असलेली जमीन पाहिजे. शेजाऱ्याच्या पलीकडचा तुकडा विकत घेऊन आपला बांध सरकत नाही. विंडोजचं हे साधन फक्त उजवीकडे लगेच लागून असलेली मोकळी जागाच 'सी'ला जोडू शकतं.

म्हणून पद्धत अशी. 'डी'मधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्यायचं आणि आत्ता सांगितलं तसं तपासायचं. मग बाहेरची डिस्क काढून बाजूला ठेवायची, म्हणजे चुकून तिच्यावरच काही चालवलं जाणार नाही. मग 'डी'वर उजवं बटण दाबून 'डिलीट व्हॉल्यूम'. त्या क्षणी 'डी' गेला, हे नीट समजून घ्या. तिथे काळी पट्टी आलेली आणि 'अनअलोकेटेड' लिहिलेलं दिसेल, म्हणजे कुणाच्याच नावावर नसलेली जागा. आता 'सी'वर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' दाबता येईल. किती जागा जोडायची ते तो एमबीमध्ये विचारतो. एक जीबी म्हणजे १०२४ एमबी, म्हणून १०० जीबीसाठी १०२४०० लिहायचं. उरलेल्या जागेवर 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' घेऊन पुन्हा 'डी' तयार करायचा. अक्षर 'डी'च द्या, म्हणजे टॅलीसारख्या प्रोग्रामना आपला डेटा जुन्याच पत्त्यावर सापडेल. मग बाहेरच्या डिस्कवरून सगळं परत त्यात ठेवायचं.

आता कुठे थांबायचं तेही ऐका. एक, 'डी'मध्ये नुसत्या फाइली नसून प्रोग्रामच बसवलेले असतील, तर आधी जाणकाराला दाखवा. दोन, 'सी' आणि 'डी'च्या मधे 'रिकव्हरी' लिहिलेली लहान पट्टी असेल, तर ती काढू नका, ती विंडोजच्या दुरुस्तीसाठी असते. तीन, डिस्कच्या चित्रावर कुलूप दिसत असेल, तर ती बिटलॉकरनं बंद केलेली आहे. तिची ४८ आकडी रिकव्हरी की हातात असल्याशिवाय पुढे जाऊ नका. चार, डिस्कमधून कट-कट आवाज येत असेल, तर बांधाचं नावही काढू नका. आधी जेवढं उतरवता येईल तेवढं उतरवून घ्या.

'डी' न काढता तो उजवीकडे सरकवणारी साधनंही आहेत. जीपार्टेड हे त्यातलं फुकट मिळणारं एक. पण ते सगळा माल एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवत असतं. त्याला तासन्‌तास लागू शकतात आणि मधेच वीज गेली तर अर्धा माल इकडे, अर्धा तिकडे. आपल्याकडचं भारनियमन सगळ्यांना माहीत आहे. म्हणून असं कोणतंही काम इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर करा, लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज करून चार्जर लावलेला ठेवा. आणि बॅकअप तर इथेही आधीच घ्यायचा.

तुम्ही म्हणाल, ताई, एवढं सगळं आम्हीच करायचं का? प्रत्येकीनं माउस हातात धरायलाच हवा असं नाही. दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, पण त्याला काय विचारायचं ते आपल्याला माहीत हवं. संगणक हातात देण्याआधी तीन प्रश्न. आमच्या डेटाची प्रत कुठे घेतली? ती आम्हाला उघडून दाखव. 'डी' काढणार आहेस की तसाच ठेवणार? उत्तरं मिळाल्यावरच संगणक द्या आणि काय काम करायचं ते पावतीवर लिहून घ्या. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०ला दिलेला नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे नवं विंडोज टाकून घेण्यासाठी अजूनही पुष्कळ संगणक दुरुस्तीला जात आहेत. ही विचारपूस आत्ताच कामाची आहे.

एक सांभाळायची गोष्ट. आपल्या संगणकात सभासदांचे आधार कार्ड, पासबुकाचे फोटो, सह्या असतात. बॅकअपची डिस्क म्हणजे या सगळ्याचं गाठोडं. ती उघड्या टेबलावर नको. गटाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे ही शिस्त आपण पाळत आलोच आहोत. तसंच इथे करा. संगणक कार्यालयात, डिस्क अध्यक्षांच्या किंवा सचिवांच्या घरी कुलपात. प्रत घेण्यापुरतीच ती संगणकाला जोडायची आणि लगेच काढायची. कायम जोडून ठेवली तर व्हायरस आला की मूळ आणि प्रत दोन्ही खराब होतात.

आणि हे कुणा एकीच्या आठवणीवर सोडू नका. येत्या मासिक सभेत ठराव घ्या. महिन्याची सभा झाली की दुसऱ्या दिवशी लेखापाल ताईंनी प्रत घ्यायची. एका पदाधिकारी ताईंनी शेजारी बसून चार फाइली उघडून बघायच्या. एका वहीत तारीख, फाइलींची संख्या आणि दोघींच्या सह्या. एका पानाची ही नोंद. वर्षअखेरीला ३१ मार्चला आपण हिशेब बंद करतोच. जगभरात हाच दिवस बॅकअप दिन म्हणूनही पाळला जातो. त्या दिवशी वर्षाची एक पूर्ण प्रत वेगळी काढा, तिच्यावर वर्ष लिहा आणि पुढे तिच्यात काही भर घालू नका.

कागदी वह्याही बंद करू नका. संगणक आला म्हणून वही गेली असं नाही. त्या संघाला शेवटी वह्यांनीच वाचवलं.

या महिन्याच्या सभेच्या विषयपत्रिकेत एक ओळ वाढवा: संघाच्या संगणकाची प्रत कुठे आहे? उत्तर कुणालाच देता आलं नाही, तर बाहेरची हार्ड डिस्क घेण्याचा ठराव त्याच सभेत करा. तुमच्या गावात हे कसं जमलं, कुठे अडलं, ते सहयोगिनी ताईंकडे लिहून द्या, त्यावर पुढे बोलू.